टीव्हीनं बोलावं, एवढंच जाऊ म्हणाली होती

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीनं आपल्या सोयीनं सांगितलं. आमच्या बचत गटाची सचिव होती, दहावी शिकलेली. किराणा दुकानवाली होती. माझी धाकटी जाऊ होती. मी होते. केळीच्या बागेत माझ्याबरोबर मजुरीला यायच्या त्या दोघी बहिणी होत्या, एकाच घरात दिलेल्या. माझी सून होती, तीच हे लिहून घेतेय. या झाल्या सात. आठवी ती इंजिनियर पोरगी, आमच्याच असोदा गावची. नावं मी कोणाचीच घालत नाही. माझंही नाही.

सून म्हणाली, "तुम्ही बोलता तसंच लिहू का?" म्हटलं, लिही, फक्त बाहेरगावच्याला समजेल एवढं कर. जाऊ पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी, तिचं बोलणं मात्र तिचं तसंच ठेव.

ती पोरगी जळगावला कॉम्प्युटर शिकली. तिचं काम टीव्हीच्या डब्याचं. छपरावरच्या छत्रीची वायर ज्या डब्यात जाते, तो डबा. आम्हाला पहिल्यांदा हसायला आलं. एवढी शिकली आणि डबे दुरुस्त करते? ती म्हणाली, दुरुस्त नाही करत, त्याच्या आत काय चालावं ते लिहिते.

मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

तर ती खोलीतल्या बल्बकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, बल्ब कुठल्याही दुकानातून आणला तरी या होल्डरात बसतो ना? का बसतो? त्याचं माप सगळ्यांना माहीत आहे म्हणून. टीव्हीच्या डब्याचं माप ज्याची त्याची कंपनी कुलपात ठेवते."

हे मला पटलं. आम्ही एका कंपनीची छत्री सोडून दुसरीची घेतली तेव्हा जुना डबा चांगला धडधाकट होता, पण नव्या छत्रीला चालेना. अजून माळ्यावर पडून आहे.

"आम्ही काही लोक मिळून ते माप उघड्यावर लिहितो," ती म्हणाली. "देशोदेशीचे लोक आहेत. कोणीही वाचा, कोणीही त्याप्रमाणे डबा बनवा, कार्यक्रम बनवा. काही चुकलं वाटलं तर तेही उघड्यावरच सांगा."

आणि हा टीव्ही नुसता बघायचा नव्हता. तो विचारायचा आणि आपण रिमोटनं उत्तर द्यायचं. आमच्या गटासाठी तिनं साखरेच्या आजाराचे धडे आणले होते. आमच्याकडे साखर बऱ्याच जणींना. माझ्या जावेला तर सात-आठ वर्षांपासून. टीव्ही लावला की धड्यांच्या नावांच्या पाट्या यायच्या, त्यातली एक निवडायची, मग धडा चालू व्हायचा, धडा संपला की प्रश्न यायचा, त्याचं उत्तर रिमोटच्या रंगीत बटणानं द्यायचं. धड्यात बाई बोलायची. पण पाट्या आणि प्रश्न नुसते लिहिलेले.

पोरगी म्हणाली, "पाट्यासुद्धा टीव्हीनं वाचून दाखवायच्या, असं करता येतं. पण जुने डबे त्यानं फार हळू चालतात. म्हणून विचारायला आलेय. तुम्हाला आवाज लागतो, की अक्षरांवर भागतं? तुम्ही जे कराल ते मी जसंच्या तसं लिहून पाठवणार. त्यावर ठरेल."

आता माझं सांगते. मला वाचता येत नाही.

हे एवढं बोलायला मला सत्तर वर्षं लागली. सुनेलाही परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. तिला वाटायचं माझे डोळे गेले, म्हणून ती मला पेपर वाचून दाखवायची.

माझं माहेर दोंडाईच्याकडचं. शाळेत दुसरीपर्यंत गेले. मग आई म्हणाली, आता मिरचीवर चल. वाळलेल्या मिरचीची देठं खुडायचं काम. दिवसभर बसून खुडायचं, हातांची आग व्हायची, चुकून डोळ्याला हात लागला तर संपलं. ज्या बोटांनी अक्षर गिरवायचं त्यांनी देठं खुडली. दोन-तीन वर्षांत होती ती अक्षरंही गेली. लग्न होऊन असोद्याला आले तर इथं केळी. धनी गेले तेव्हा लेक लहान होता. डोक्यावर केळीचे घड वाहिले, दुसरं काही येत नव्हतं. कोणाकडे रडले नाही. रडायला वेळ नव्हता, हे खरं कारण.

मग गट निघाला. अध्यक्ष कोणाला करायचं? सही करणारी पाहिजे होती. माझ्या लेकानं मला माझं नाव काढायला शिकवलं होतं. काढायला म्हणते, लिहायला नाही. रांगोळी काढावी तसं मी नाव काढते. कुठून सुरू करायचं, कुठं वळवायचं, वरची रेघ कुठं. बाकीच्यांनी अंगठे लावले, मी सही केली, आणि मी अध्यक्ष झाले. त्या दिवसापासून सगळ्यांना वाटलं हिला वाचता येतं. मी कोणाला सांगितलं नाही की येतं. येत नाही, असंही सांगितलं नाही. कोणी कागद पुढं केला की म्हणायचे, "चष्मा घरी राहिला. तूच वाच." अशी बारा वर्षं काढली. चष्मा माझ्याकडे आहे, पण तो सुईत दोरा ओवायचा.

लेकाशिवाय फक्त जावेला माहीत होतं. आम्ही दोघी एका चुलीवर जेवलेल्या. माझ्या भावाचं पत्र आलं की दोघी मिळून गुरुजींकडे जायचो. तिचं आलं तरी दोघीच जायचो.

तर त्या दिवशी. पोरीनं आम्हाला ओळीनं बसवलं. पहिली सचिव. तिनं पाट्या मोठ्यानं वाचल्या, रिमोट दाबला, प्रश्न वाचला, पिवळं बटण दाबलं. बरोबर आलं. दुसरी दुकानवाली. तिनंही तसंच केलं, जरा अडखळत. तिसरी माझी जाऊ.

जावेनं रिमोट हातात घेतला, टीव्हीकडे बघितलं, आणि सरळ म्हणाली, "माय, माले वाचता येस नही. बठ्ठं लिहेल शे, बोलस काहीच नही. टीव्हीनं बोलाले पाहिजे."

दुकानवाली म्हणाली, "घ्या! आता टीव्हीला काय काय सांगणार? भाकरीसुद्धा थापायला लावा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी अध्यक्ष ना. मी म्हटलं, "त्यात काय अवघड आहे? एवढाली मोठी अक्षरं आहेत. जरा ध्यान दिलं तर कोणालाही जमेल."

सचिव म्हणाली, "मग अक्का, तुम्हीच दाखवा करून."

जावेनं रिमोट माझ्याकडे दिला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी केलं काय, तर आधीच्या दोघींचं बघून ठेवलं होतं. खाली दोनदा, मधलं बटण, मग धडा, मग पिवळं. केळीच्या बागेत कितव्या ओळीत कितवं झाड ते मी डोळे मिटून सांगते, हे तर चारच ओळींचं होतं. प्रश्न काय होता तो दोनदा ऐकला होता. मी टीव्हीकडे बघून, बोट फिरवत, हळूहळू म्हटला: "साखरेचा आजार असेल, तर चहा कसा घ्यावा?" मध्ये एक ठिकाणी मुद्दाम अडखळलेसुद्धा. आणि पिवळं बटण दाबलं.

टीव्हीवर फुलं आली. बरोबर उत्तराला फुलं यायची.

दुकानवाली म्हणाली, "अध्यक्षीणबाई, आज बरा चष्मा आठवला."

"आज आणलाय," मी म्हटलं. माझ्या नाकावर तो सुईचा चष्मा होता.

माझ्यानंतर त्या दोघी बहिणी. त्यांनीही खाली दोनदा, मधलं, पिवळं. फुलं आली. मग सून, ती तर शिकलेलीच आहे. पोरीनं वहीत लिहिलं: सातांपैकी सहा जणींना आवाजाशिवाय जमलं, एकीला जमलं नाही. तिनं जावेला विचारलं, "काकू, तुम्हाला कोणी शेजारी बसून वाचून दाखवलं तर चालेल ना?"

जाऊ म्हणाली, "चाली, माय." आणि उठली. बकरीला पाला घालायचा शे, म्हणाली.

बाकी ती काही बोलली नाही. तिनं एक शब्द काढला असता तर माझी अब्रू तिथंच गेली असती. तिनं काढला नाही.

पुढं डबा आला. बालवाडीच्या जुन्या खोलीत टीव्ही बसवला, रिमोट खिळ्याला टांगला. ज्या बाईला जेव्हा सवड होईल तेव्हा तिनं जाऊन आपला धडा लावावा, अशी सोय. आवाज नव्हता. ठरल्याप्रमाणं नुसत्या पाट्या. पाट्याही आता चार नव्हत्या, पुष्कळ होत्या, आणि वरच्या खाली झालेल्या. पहिल्या बैठकीला मला पुढं केलं. मी खाली दोनदा केलं, मधलं दाबलं, तर भलतंच काही आलं. म्हटलं, "चष्मा घरी राहिला." सचिवनं लावून दिलं. त्यानंतर मी त्या रिमोटला हात लावला नाही.

जाऊ बैठकीला यायची बंद झाली. विचारलं की म्हणायची, काम शे. मला मनातून बरंच वाटायचं. ती समोर नसली की मला माझं सोंग जड जात नव्हतं. हे लिही गं, काढू नको.

पावसाळा सरता सरता तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला काहीतरी लागलं. काय लागलं तिलाही कळलं नाही, कारण दुखलंच नाही. साखरेत पायाला कळत नाही म्हणतात. ती तशीच बागेत जात राहिली, चिखलात, अनवाणी. बोट काळं पडलं, वास यायला लागला, तेव्हा तिच्या लेकानं जळगावला दवाखान्यात नेलं. बोट काढावं लागलं.

मी भेटायला गेले तर ती खाटेवर बसून चहा पीत होती. बिनसाखरेचा. मला बघून म्हणाली, "या अक्का. एक बोट गयं. नऊ शेतस."

मी खाली मान घालून बसले. तिची सून डबा धुवायला बाहेर गेली तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"जखम दुखनी नही तरी त्याच रोज दखाडाले पाहिजे, म्हने. माले काय माहीत?"

मला माहीत होतं. तो धडा टीव्हीवर होता. बैठकीत सचिवनं तो लावला होता आणि मी पुढच्या रांगेत बसून बघितला होता. पायाचा धडा. दुखत नसलं तरी दाखवा, असं ती धड्यातली बाई दोन-दोनदा सांगत होती. मी म्हटलं, "तो टीव्हीवर होता गं. पायाचा धडा. तू आली असतीस तर—"

ती म्हणाली, "मी गऊ ना."

"कधी गेलीस?"

"दुपारना. तुमी कोनी नही तवय. तीनदा गऊ, अक्का. टीव्ही लावा, मधलं बटन दाबं की पहिला चहाना धडा येस. त्यान्हा फुढे कसं जावं ते माले समजनं नही. तीनदा चहाच दखा."

आणि ती हसली. स्वतःलाच हसली.

मला तिथं काय झालं ते मी सांगू शकत नाही. ती भर दुपारी बागेतून दमून, कोणी बघू नये म्हणून एकटी, त्या खोलीत जाऊन बसत होती. समोर तोच चहाचा धडा, पुन्हा तोच. टीव्हीनं पाटी बोलून दाखवली असती तर ती चौथ्या पाटीवर गेली असती. पायाचा धडा तिथं होता. आणि टीव्ही बोलला नाही, कारण मी वाचून दाखवलं होतं.

"तुला माहीत होतं ना मला वाचता येत नाही?" मी विचारलं.

"माहीत व्हतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कसाले बोलू? तुमी अध्यक्ष शेतस." मग कप खाली ठेवून म्हणाली, "वाचता येस म्हनीसन तुमी खोटं बोलनात, त्यान्हं माले काही वाटनं नही. तुमी हासनात, ते लागनं."

मी तिथून घरी गेले नाही. जळगावातच त्या पोरीची खोली आहे, तिचा पत्ता तिच्या आईकडून फोनवर विचारून घेतला, रिक्षावाल्याला पोरीशीच बोलायला लावलं. तिनं दार उघडलं तर मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

तिनं मला आत घेतलं. मग म्हणाली, "आजी, मी ते लिहून पाठवलंय. लोकांनी ते वाचून ठरवलंय. आता मला लिहावं लागेल की माझी चाचणीच चुकली."

"तू कशाला? माझी चूक लिही. माझं नाव लिही, पाहिजे तर फोटो लाव."

"नावं लिहीत नाही आम्ही. तुम्ही तिथं चौथ्या बाई आहात, तेवढंच." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि चूक माझीपण आहे. सगळ्यांना एका खोलीत बसवून, एकच प्रश्न, एकाच क्रमानं कोणी विचारतं का? मी तर तुम्हाला उत्तरं दाखवूनच परीक्षा घेतली."

तिला माझा राग आलेला दिसत होता. तिनं तो दाबला. मला चहा केला, पण माझ्याशी नीट बोलली नाही. मला ते योग्यच वाटलं.

आठ दिवसांनी ती गावात आली. या वेळी तिनं एकेकीला बालवाडीच्या आतल्या स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटून. प्रत्येकीला वेगळा प्रश्न. मी पहिली गेले. तिनं रिमोट दिला, मी परत तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "येत नाही." बस. एवढं सोपं होतं ते.

त्या दोघी बहिणी बाहेर आल्या तेव्हा एकमेकींकडे बघत नव्हत्या. त्यांनाही येत नव्हतं. थोरली मला म्हणाली, "अक्का, तुम्ही झटदिशी वाचलं, मग आम्ही कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?" म्हणजे माझ्या एका खोट्यामागं अजून दोन गेली. सातांपैकी चौघींना वाचता येत नव्हतं. पोरीनं सातांपैकी एक लिहिलं होतं.

मग बैठकीत मी उभी राहिले. सचिवला म्हटलं, लिहून घे, अध्यक्षांना वाचता येत नाही. दुकानवालीच्या तोंडून निघालंच, "अहो मग बारा वर्षं तो चष्मा घरी राहून काय करत होता?" सगळ्या खदाखदा हसल्या. मी हसले नाही, पण मला रागही आला नाही. जाऊ दारापाशी काठी धरून बसली होती. ती हसली नाही. मी अध्यक्षपद सोडते म्हटलं, तर त्या म्हणाल्या वर्ष संपेपर्यंत राहा. राहिले. आता कागद आला की मोठ्यानं सांगते, मला वाचून दाखवा.

पोरीनं आपली चूक तिकडं उघड्यावर लिहिली. तिनं मला वाचून दाखवलं, इंग्रजीत होतं, मग मराठीत सांगितलं. चौथ्या बाईला वाचता येत नव्हतं, तिनं आधीच्यांचं बघून केलं, चाचणी घेणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही, असं. दूरदेशीच्या कोणीतरी खाली लिहिलं की आमच्याकडेही असं झालं असेल, आम्ही पुन्हा विचारून बघतो. आवाज घालायचं काम चालू आहे म्हणते. जुन्या डब्यांचा घोळ अजून सुटलेला नाही. कधी होईल ते तिलाही सांगता येत नाही.

तोवर मी आणि जाऊ दुपारी जातो, सून असली तर ती लावून देते. पायाचा धडा जावेनं बघितला. एकदाच. म्हणाली, "आते दखीसन काय करू?" आणि चहाचा लावायला सांगितला. मला टोचायला म्हणाली की खरंच म्हणाली, मी विचारलं नाही. मला माफ केलं का, तेही विचारलेलं नाही. विचारायचं तोंड नाही. तिच्या पायाची पट्टी मी बदलते, ती बदलू देते.

हे जो कोणी वाचत असेल, त्याला एवढंच मागणं आहे. तुम्ही बायांसाठी, म्हाताऱ्यांसाठी काही यंत्र बनवत असाल आणि त्यांना काही विचारायला जाणार असाल, तर चारचौघींत विचारू नका. एकेकीला बाजूला घ्या, दार लोटा, मग विचारा. आणि जी बाई सगळ्यांसमोर म्हणेल की मला येत नाही, तिला हसू नका. तिचं आधी लिहून घ्या.